साडेपाच ते साडेसात, मोकळं मैदान

फोन आला तेव्हा मी नांदेडला एका छापखान्यात उभी होते. हातात पत्रकाचं प्रूफ होतं आणि 'तीव्र निषेध' मधला 'तीव्र' ठळक करा म्हणून मी मालकाशी वाद घालत होते. लातूरहून कांताच्या खोलीवरची मैत्रीण बोलत होती. आधी ती नुसतीच "ताई, ताई" करत राहिली. मग म्हणाली, "कांताला टेम्पोनं उडवलं. रिंगरोडला. सकाळी पळायला गेल्ती..." मी विचारलं, कोणत्या दवाखान्यात आहे? परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "दवाखान्यातच हाय ताई, पण आता काही उपयोग न्हाई." तेवढ्यात मालक ठळक केलेलं प्रूफ घेऊन आला आणि मी त्यावर सही केली. का केली, ठाऊक नाही. हाताला सवय होती, एवढंच.

कांता, म्हणजे शिवकांता, माझी मावसबहीण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. अहमदपूरला तिच्या वडिलांचं किराणा दुकान. घरात सकाळची शिवपूजा झाल्याशिवाय कुणी चहाला हात लावत नाही, आणि ही पोरगी पूजेची घंटा वाजायच्या आत गावाबाहेर पळून येऊन, घाम पुसून, पाटावर बसलेली असायची. काका म्हणायचे, "देवाला भेटायला एवढी दमून कशाला येतीस?" पाच हजार मीटर हा तिचा प्रकार. लातूरला बीएला नाव घातलं ते मुख्यतः तिथल्या सरांकडे सराव करता यावा म्हणून. मी मुदखेडची, राहते नांदेडला, एका युवक संघटनेचं काम करते. माझं लिहिणं म्हणजे निवेदनं आणि पत्रकं. विषय, मागण्या, इशारा, सह्या. त्या लिहिण्यात सगळीकडे 'आम्ही' असतो. 'मी' लिहायची वेळ माझ्यावर आजपर्यंत आली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात सरांनी तिला पुण्याच्या एका प्रशिक्षण संस्थेचा फॉर्म आणून दिला. निवड झाली तर राहणं, जेवण, खरा ट्रॅक. फॉर्म भरला सगळा, पण शेवटच्या पानावर एक रिकामा चौकोन होता आणि वर लिहिलं होतं, 'खेळाडू म्हणून तुमचं व्यक्तिगत व्हिजन स्टेटमेंट, दीडशे शब्दांत.' तिचा फोन आला. "अक्का, हे व्हिजन काय असतंय गं? सरला विचारलं तर सर म्हणले, जे दिसतंय ते लिही. मला तर फॉर्मच दिसायलाय." मग लाडात येऊन म्हणाली, "तू रोज एवढी पत्रकं लिव्हतीस, एक माझ्यासाठी लिव्ह की."

मी अर्ध्या तासात लिहून पाठवलं. त्या शनिवारी अहमदपूरच्या एसटी स्टँडवर भेटलो तेव्हा तिनं ते मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवलं, भाषण करतात तसा एक हात वर करून. मराठवाड्याच्या ग्रामीण खेळाडूंवरचा अन्याय, अनुशेष, सापत्न वागणूक... सगळं होतं त्यात. शेवटची ओळ वाचता वाचता ती बाकड्यावर आडवी झाली हसून. सवयीनं मी खाली लिहून गेले होते, 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.' "अगं माय! अक्का, हे वाचून ते मला घेणार न्हाईत, पोलीस पाठवतील." मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "समदं खरं हाय. पण ह्यात मी कुठं हाय?"

मला राग आला, खरं सांगते. माझ्या लिहिण्याला कुणी हसलं की येतो. पुढच्या आठवड्यात ती नांदेडला माझ्या खोलीवर आली आणि आम्ही नव्यानं बसलो. मी विचारायचं, तिनं सांगायचं. तू कशासाठी पळतेस? "बरं वाटतंय." हे लिहिता येत नाही कांते. "मंग लिहू नको." देशासाठी पदक? "सगळेच लिव्हतेत ते." मुलींसाठी आदर्श? "माझ्या खोलीवरच्या दोघी आठ वाजेपर्यंत झोपतेत. त्यांना माझा अलार्म सोसवत न्हाई, आदर्श कुठला घेऊन बसलीस!" असं दुपारभर चाललं. शेवटी ती कंटाळून भिंतीला टेकली आणि म्हणाली, "साडेपाच ते साडेसात मैदान मोकळं असावं. पहिल्या लेनला मी. बास. मंग कळंल, मी किती पळू शकते ते. मला अजून माहीतच न्हाई अक्का. दर येळी मधी कायतरी येतंय."

मधे येणारी गोष्ट मला माहीत होती. ती सराव करायची ते मैदान सतत कुणाला ना कुणाला दिलेलं असायचं. आज सभा, उद्या प्रदर्शन, परवा कुणाचा तरी सत्कार. मांडव उतरला की खांबांचे खड्डे तसेच. अशाच एका खड्ड्यात तिचा पाय मुरगळला होता आणि तिची महिनाभराची मेहनत वाया गेली होती. त्यामुळे तिच्या बोलण्यातलं मला मैदान तेवढं ऐकू आलं. 'मी किती पळू शकते' हे कानावर पडलं, पण मी ते घेतलंच नाही. मी वही ओढली आणि विषय लिहिला : खेळाचे मैदान इतर कार्यक्रमांस देणे तात्काळ बंद करणेबाबत. ती म्हणाली, "फॉर्म राहिला की गं." मी म्हणाले, आधी मूळ प्रश्न सोडवू.

लातूरच्या क्रीडा कार्यालयाला निवेदन गेलं. पहिली सही कांताची, मग तिच्यासोबत पळणाऱ्या पोरापोरींच्या, शेवटी संघटनेतर्फे माझी. आम्ही दोनदा कार्यालयासमोर बसलो. कांता सराव सोडून आली, घोषणा देताना लाजत होती. त्या गडबडीत फॉर्मची तारीख निघून गेली. तो चौकोन रिकामाच राहिला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "पुढल्या साली भरू." महिन्याभरात मैदानाच्या फाटकावर पाटी लागली. कार्यक्रम बंद, प्रवेश फक्त परवानगी असलेल्या खेळाडूंना. मी पाटीचा फोटो टाकला आणि वर लिहिलं, लढ्याला यश! दोनशे जणांनी अभिनंदन केलं असेल. कांताचा मेसेज संध्याकाळी आला. 'अक्का, पाटी झाक हाय. पण गेटला कुलूप लावायलेत. चावीवाला दहाला येतंय.' मी उत्तर दिलं, 'काळजी नको. वेळेसाठी दुसरं निवेदन देऊ.'

दिलं नाही. संघटनेकडे बसभाड्याचा प्रश्न आला होता मधे.

लातूरच्या उन्हात दहानंतर कुणी पळत नाही. ती रिंगरोडला पळू लागली. पंधरा दिवस पळाली... मी एकदाही विचारलं नाही की कांते, सध्या कुठं पळतेस. एका पेपरात बातमी आली ती 'फिरायला गेलेल्या तरुणीचा मृत्यू' अशी. फिरायला! मी फोन करून सांगितलं, फिरायला नव्हे, पळायला, ती धावपटू होती. पलीकडचा म्हणाला, बघतो. दुरुस्ती आली नाही. कार्यालयात जाऊन ओरडले की कुलूप कुणी लावलं? तिथल्या बाबूनं शांतपणे फाईल काढली. "मॅडम, तुमचंच निवेदन हाय की. बंद करा म्हणलात, केलं." खाली माझी सही होती. मला संताप कुठं न्यायचा हे नेहमी माहीत असतं. कुठल्या टेबलावर, कुणाच्या नावानं. ह्या वेळी तो घेऊन मी एसटीत बसले आणि खोलीवर आले. संघटनेतल्या सोबत्यांनी पत्रकाचा मथळा सुचवला, 'शिवकांताचा बळी कोणी घेतला?' पत्रकात असा प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर आधी ठरलेलं असतं. त्या उत्तरात मीही होते. मी म्हणाले, हे मला जमणार नाही. ते चकित झाले.

मागच्या शनिवारी अहमदपूरला गेले, मावशीला सगळं सांगायचं ठरवून. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. मावशी स्वयंपाकघरात हरभरे निवडत होती. कांता शनिवारी लातूरहून यायची, रविवारी सकाळी पळून आली की तिला भिजवलेले हरभरे लागायचे, म्हणून मावशी दर शनिवारी भिजवते. अजून भिजवते. काकांनी एकदा विचारलं म्हणे, कशाला? तर म्हणाली, "हात थांबत न्हाईत." मी समोर बसले आणि सुरुवात केली, "मावशी, मैदानाचं ते निवेदन..." तिनं मला बोलूच दिलं नाही. "कांतानं सांगितलं की मला. म्हणली, अक्कानं मैदान सोडवून दिलं, आता कुणाचा मांडव पडत न्हाई तिथं. लई खूश होती. समद्या गल्लीला सांगून आली." तिनं हरभरे पाण्यात टाकले. "मंग मैदान सोडून रस्त्यावर कशाला गेली गं ती?"

कुलपाचं कांतानं घरी सांगितलंच नव्हतं. माझं यश तेवढं सांगितलं.

रात्री तिथंच राहिले. सकाळी मावशीनं वाटी माझ्यासमोर ठेवली आणि मी, जिनं आयुष्यात कधी शंभर मीटरसुद्धा पळून पाहिलं नाही, ते हरभरे एकेक करून खाल्ले. निघताना ती म्हणाली, "शनिवारी येत जा. वाया जातेत."

दुकानात रविवारचा पेपर येतो. आधी काका वाचतात, मग पुरवणी मावशीकडे जाते, म्हणून हे त्या पुरवणीसाठी लिहिलं. मावशी, तू विचारलंस त्याचं उत्तर वर लिहिलं आहे. तोंडानं सांगता आलं नाही. वाचून झाल्यावर एवढंच कळव... शनिवारी येऊ का?