डाव्या हातावरचा पत्ता

माझे वडील भिंगारला लष्कराच्या कॅम्पातले कपडे धुवायचे. साहेबांचे शर्ट, मेसमधली टेबलावरची कापडं, चादरी. घरात एवढे ढीग पडलेले असायचे की आम्ही बसायचं कुठे हे कपडे ठरवायचे. प्रत्येक कपड्यावर वडील खूण घालत. बिब्ब्यात सुई टोचायची, टोकाला आलेल्या काळ्या रसाने कॉलरच्या आतून दोन टिंबं, एक रेघ असं काहीतरी काढायचं आणि वरून चुना लावायचा. कपडा फाटेल, पण खूण जायची नाही. वडील तसे खालमानेने वागणारे, पण या एका गोष्टीचा त्यांना भारी तोरा होता. "वीस वर्सं झाली, माझ्या हातनं सायबाचा हातरुमाल सुदिक हरवला न्हाई," असं ते येईल त्याला सांगायचे.

हरवायचा तो माझा भाऊ. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्याला बोलता येत नव्हतं आणि समजही चार वर्षांच्या पोराएवढीच राहिली होती. डॉक्टर त्याला मतिमंद म्हणत, गल्ली येडा म्हणे, आम्ही घरात काहीच म्हणत नव्हतो. तो एकच आवाज काढायचा, कंडक्टरच्या घंटीचा. खुशीत असला की "टिंग टिंग" करायचा. एस.टी. दिसली की पाय थांबत नसत. चढायचा, खिडकीशी बसायचा, आणि गाडी नेईल तिथे जायचा. एकदा श्रीगोंद्याहून एका कंडक्टरने परत आणला, एकदा पाथर्डीहून. त्यानंतर वडिलांनी त्याच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरला बिब्ब्याने नाव-पत्ता घातला. तिसऱ्या खेपेला तो दोन दिवसांनी सापडला, तेव्हा अंगात शर्टच नव्हता. कुणी काढून घेतला की यानेच उकडतंय म्हणून टाकला, कोण सांगणार?

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. माझं लग्न ठरलं होतं, वैशाखात मी संगमनेरला जाणार होते. भावाला जेवू घालणं, आंघोळ घालणं, सगळं माझ्याकडे होतं. आईने डोक्यावर पाणी ओतलं तरी तो घर डोक्यावर घ्यायचा, माझ्यापुढे मात्र गपगुमान बसायचा. दर रविवारी मी दाढीच्या ब्लेडने त्याची नखं कापायचे. हात माझ्या मांडीवर टाकून तो दुसरीकडेच बघत बसे, इतका त्याचा माझ्यावर भरवसा. ब्लेड नखाशी आहे की बोटाशी, हे त्याने कधी वळून पाहिलं नाही.

"ही गेल्यावर ह्याच्या मागं कोन पळनार?" आई रोज विचारायची. एका संध्याकाळी इस्त्री करता करता वडील म्हणाले, "कापडावर टिकत न्हाई तर अंगावर घालू. गोंदून घेऊ."

आई आधी रडली. मग तीही म्हणाली की बायका हौसेने गोंदतात, तिच्या स्वतःच्या हातावर तुळस होती, त्यात काय मरण आहे? चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. वडिलांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मजकूर लिहिला: त्याचं नाव, वडिलांचं नाव, गल्ली, भिंगार, जिल्हा अहमदनगर. मी दहावी झालेली, म्हणून शुद्धलेखन मी तपासलं. मग हात कोणता हा प्रश्न आला. वडील उजवा म्हणत होते. मानसाचा उजवा हात सारखा पुढं येतो, त्यावर लगेच नजर पडंल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणाले, "डावा करा. उजव्याने जेवतो तो. सुजला तर चार दिवस घास कसा घेणार?" वडिलांना ते पटलं. माझ्याकडे कौतुकाने बघून आईला म्हणाले, "बघ, हिला कशी काळजी."

बाजाराच्या दिवशी एक गोंदणारा रस्त्याकडेला बसायचा. पुढ्यात फळी, फळीवर विंचू, गुलाब, बाण लागलेला बदाम, मारुती. ट्रकच्या जुन्या बॅटरीवर त्याचं मशीन चाले. अक्षराला दोन रुपये, काना-मात्रा फुकट. वडील कोथिंबिरीच्या जुडीलाही घासाघीस करणारे, पण त्या दिवशी त्यांनी मुकाट्याने पैसे काढून ठेवले. सुई नवी घालायला लावली, तरी समाधान झालं नाही म्हणून चहावाल्याकडून उकळतं पाणी आणून तिच्यावर ओतलं.

भाऊ बसेना. मशीनचा आवाज ऐकूनच मागे सरकायला लागला. तेव्हा मी खाली फतकल मारली, मांडीवर थोपटलं आणि म्हणाले, "ये, नखं कापू."

तो आला. डावा हात माझ्या मांडीवर टाकला आणि रस्त्यावरच्या गाड्या बघायला लागला.

हे मी इतक्या वर्षांत कुणाला नीट सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. सुई टेकली तेव्हा त्याने वळून आधी हाताकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मग ओरडला. वडिलांनी मागून खांदे दाबले, मी मनगट आणि कोपर धरलं. आई उठून भाजीवाल्यांच्या पलीकडे निघून गेली. गर्दी जमली. कुणी म्हणालं, "धरा, नीट धरा त्याला." एक म्हातारी म्हणाली, "कशाला छळताय गं लेकराला?" तिला काय काय सांगणार? मी तिच्यावरच खेकसले. पहिलं नाव होईपर्यंत त्याने चड्डी ओली केली होती. भिंगारच्या अनुस्वारापाशी त्याने हात हिसकला आणि एक आडवी रेघ ओढली गेली. नंतर बाजारातले आणखी दोघे आले, पाय धरायला. जिल्हा लिहून होईपर्यंत त्याचा आवाज बसला होता. गोंदणाऱ्याने फडक्याने रक्त पुसलं, हळद आणि खोबरेल लावलं, म्हणाला, "पाणी लागू देऊ नका, खपल्या काढू देऊ नका. लई झ्याक उठलंय."

खपल्या त्याने दातांनी काढल्या. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत टरारला, अक्षरांतून पू यायला लागला. दवाखान्यातून पावडर आणली, पण लावायची कशी? मी जवळ गेले की तो भिंतीला पाठ लावून हात शर्टाच्या आत घालायचा, पोटाशी. दुपारी तो झोपला की मी हळूच शर्ट वर करून पावडर टाकायचे. पंधरा-वीस दिवसांत जखम भरली. काळी-हिरवी अक्षरं लांबूनही वाचता येतील अशी बसली. वडील खुश झाले. कपड्याकडे बघावं तसं त्यांनी, तो झोपेत असताना, बोटाने चाचपून पाहिलं. "पक्की बसली," म्हणाले.

जखम भरली, पण हात काही शर्टाबाहेर आला नाही. जेवताना, खेळताना, गाडी बघताना, डावा हात कायम आत, पोटाशी धरलेला. कुणी धरायला गेलं तर चावायचा. माझ्याकडून नखं त्याने पुन्हा कधी कापून घेतली नाहीत. डाव्या हाताची नाहीत आणि उजव्याचीही नाहीत. माझ्या लग्नात तो मांडवाच्या खांबाशी नव्या शर्टात तसाच बसला होता, एक बाही रिकामी लोंबत. पाहुणे आईला हळूच विचारत होते, हात कशात गेला? निघताना मी त्याच्यासमोर जाऊन "टिंग टिंग" केलं. त्याने मान फिरवली. मी गाडीत बसून रडले, तर सासूबाईंना वाटलं आईवडिलांसाठी रडतेय.

दिवाळीच्या आधी तो पुन्हा गेला. पूर्वी तो गेला की वडील सायकल काढून नगरचे दोन्ही स्टँड पालथे घालायचे, कंडक्टरांना विनवायचे, रात्रीचं जेवायचे नाहीत. या वेळी ते शांत होते. आईला म्हणाले, "हातावर पत्ता हाय. कुनी बी आनून सोडंल." शेजारी विचारायला आले, त्यांनाही हेच सांगितलं. आठ दिवस ते इस्त्री करत बसले. नवव्या दिवशी त्यांनी मला कार्ड टाकलं, पोलिसांत नोंद केली आणि मग हिंडायला लागले. मी येऊन सोबत हिंडले. शिरूर, दौंड, जामखेड. लोकांना मी स्वतःचा डावा हात उघडा करून दाखवायचे, इथे लिहिलंय म्हणून सांगायचे. कुणी असा हात पाहिला नव्हता.

महिना होत आला तेव्हा पोलीस घरी आला. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावाहून निरोप होता. आमचा पत्ता त्याच्याकडच्या कागदावर जसाच्या तसा लिहिलेला होता, गल्लीसकट. वडील क्षणभर हसले. खरंच हसले. त्यांना वाटलं, सापडला.

तो तापाने गेला होता. स्टँडवर निपचित पडलेला दिसला म्हणून लोकांनी दवाखान्यात नेला, तिथे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मग कपडे काढताना कुणीतरी तो हात बाहेर घेतला आणि वाचला. तेव्हा त्याने ओढून घेतला नसणार.

वडील आणि मी गेलो. चेहरा दाखवायच्या आधी दवाखान्यातल्या माणसांनी आम्हाला हातच दाखवला, कारण कागदावर ओळखीची खूण म्हणून तोच होता. अनुस्वाराजवळची आडवी रेघ मी ओळखली. नखं वाढून वळली होती. मला ब्लेड मागावंसं वाटलं, पण मागितलं नाही. त्या माणसांसमोर लाज वाटली. ती लाज कशाची वाटली ते मला आजही कळत नाही, आणि ब्लेड मागितलं नाही याचं दुःख जात नाही.

परतताना गाडीला वेळ होता. स्टँडवरच्या चहावाल्याला कळलं आम्ही कोण ते. त्याने पैसे न घेता चहा दिला. म्हणाला, "तीन हप्तं हितंच हुता. लई गरीब पोरगं. नाव पुसलं, गाव पुसलं, बोलंना. आमाला वाटलं डावा हात मोडलाय, म्हनून बघाया गेलो तर चावला. मंग आमी नाद सोडला. सकाळी पाव द्यायचो, तवा मातर बराबर यायचा. रोज उजवा हात पुढं करायचा."

वडिलांनी चहा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे बारा वर्षं जगले, पण ते वाक्य त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. त्यांनी एकदा तरी बोलायला हवं होतं. त्यांनी उजवाच म्हटलं होतं. डावा मी म्हणाले होते.