मूळ जागेवर राहू दे

फोटो काढताना इंदूताईंनी कधी कुणाला "हसा" म्हटलं नाही. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आणि विचारायच्या, "घरी कोण वाट बघतंय? त्याचं नाव घ्या." बाप्यांना त्या बैलाचं नाव विचारत. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला शर्यतीच्या बैलाचं नाव विचारलं की त्याचा चेहरा आपोआप खुलतो, त्याला हसायला सांगावं लागत नाही. बायकांना मात्र ठरलेला हुकूम असे, "मालकांचं नाव घ्या." बाई लाजून खाली बघे, मग चोरून वर बघे, आणि ती वर बघते न बघते तोच ताईंचं बटण दाबून झालेलं असे.

माझी त्यांची पहिली गाठ अशीच पडली. लग्न होऊन मी नुकतीच पिंपळवंडीला नांदायला आले होते आणि बँकेच्या पासबुकासाठी फोटो हवा होता. शेजारी सासूबाई उभ्या, आणि समोरून ही बाई म्हणते नाव घ्या! पासबुकावर इतकी लाजलेली बाई अख्ख्या तालुक्यात दुसरी नसेल. बँकेतले साहेब फोटो बघून स्वतःच हसले. मी चिडून ताईंना म्हटलं, "सगळ्यांना नाव घ्यायला लावता, तुमच्या मालकांचं नाव काय?" तर म्हणाल्या, "लई ओबडधोबड हाय बाई. तोंडात मावत न्हाई."

त्यांचं दुकान आळेफाट्याला, एसटी स्टँडमागच्या गल्लीत. दारासमोर बुद्धांची तसबीर, तिच्याखाली एक स्टूल आणि मागे निळा पडदा. ताई निरगुडसरच्या. दुकान मालकांनी काढलेलं. ते अचानक गेले तेव्हा सगळे म्हणाले, कॅमेरा विकून टाक आणि गावाकडं शेतात ये. ताईंनी विकला नाही. "त्यांचा हात बघून बघून मला फोकस कळत व्हता," एवढंच त्या सांगायच्या. पुढं मुलगा शाळेत जायला लागल्यावर मी त्यांच्याकडे अल्बम डिझाइन करायला लागले, कारण लग्नाआधी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि तो वाया चालला होता.

ताई हातानं सढळ आणि स्वभावानं हट्टी होत्या. फोटो सांभाळण्याचं एक सॉफ्टवेअर त्यांनी फार आधीपासून वापरायला घेतलं होतं. डिजिटल झाल्यापासूनचं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं त्यात गावाच्या नावानं लावलेलं. आळे म्हटलं की आळ्याची लग्नं समोर. या बाबतीत त्या, डब्यांच्या फळीला कुणाला हात न लावू देणाऱ्या माझ्या सासूबाईंपेक्षाही कडक होत्या. पण त्या सॉफ्टवेअरला फोटो नटवता येत नसे. जरा उजेड कमी-जास्त, बस्स. आणि आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते नटवायलाच. गेलेल्या आजोबांना कोट घाला, आत्याच्या गळ्यात गंठण घाला, मागचा गोठा काढून तिथं काश्मीर लावा. त्यासाठी दर महिन्याला भाडं घेणारं एक बडं सॉफ्टवेअर असतं. ताईंनी त्याला साफ नकार दिला होता. "कुंचला काय भाड्यानं आणायचा असतो व्हय?" त्याऐवजी आमच्याकडे एक स्वस्तातला, एकदाच पैसे भरून घेतलेला एडिटर होता. काम तो चांगलं करायचा. पण तो एका टोकाला आणि फोटोंचं सॉफ्टवेअर दुसऱ्या टोकाला, दोघांची बोलचाल नाही. फोटो तिथून काढायचा, बाहेर ठेवायचा, एडिटरमध्ये उघडायचा, नटवायचा, परत आत नेऊन ठेवायचा. मधल्या वाटेत 'फायनल', 'फायनल नवा', 'ताई फायनल' आणि 'खरंच फायनल' अशी सगळी भावकी जमलेली असे.

या भावकीला कंटाळून ताईंनी लगीनसराईत एक आडवाट धरली होती. फोटो बाहेर न काढता त्या थेट डिस्कवरची मूळ फाइलच एडिटरमध्ये उघडायच्या आणि काम झालं की 'सेव्ह' दाबायच्या. झटपट व्हायचं. फक्त मूळ फोटो पुसून त्याच्या जागी नटवलेला बसायचा. बहुतेक वेळा कुणाला मूळ लागत नसे, म्हणून खपून गेलं.

मग सुलाबाई आल्या. त्या दिलेल्या आळ्यात, माहेर पिंपळवंडीचं. त्यांची आई, ठकूबाई, नुकतीच गेली होती आणि भिंतीवर लावायला त्यांना फोटो हवा होता. ठकूबाईंचा एकच नीट फोटो जगात होता, तो ताईंनी काढलेला. एरवी मोबाइल निघाला की म्हातारी पदर तोंडावर ओढायची. ताईंनी मात्र तिला तिच्या म्हशीचं नाव विचारून गाठलं होतं. गेल्या वर्षी नातवानं तोच फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी करून घेतला होता. आजी तरुण दिसली पाहिजे, म्हणून सुरकुत्या काढलेल्या, कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण पुसलेलं.

सुलाबाईंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही कोण?"

"तुमची आई," मी म्हटलं.

"न्हाई. माझ्या आईच्या हनुवटीवर तीन टिपकं व्हतं. दूध पिताना मी त्येच्यावर बोट ठेवून झोपायची. ही फ्लेक्सवरची बाई हाय. माझी आई दाखवा."

ताईंनी सगळं धुंडाळलं. मूळ कुठंच नव्हतं. त्यांनी लपवाछपवी केली नाही, सरळ सांगितलं, "सुलाबाई, माझ्या हातानं झालं. मी तुमच्या आईवर दुसरी बाई बसवली." सुलाबाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या पिशवी उचलून म्हणाल्या, "भिंतीला खिळा ठोकून ठेवलाय वो मी," आणि गेल्या.

त्या दिवसापासून ताईंनी नटवणं बंद केलं. कोट नाही, गंठण नाही, काश्मीर नाही. "हाय तसा पायजे आसल तर थांबा," म्हणायच्या. गिऱ्हाईक थांबत नसे, शेजारच्या गल्लीत जाई. ताई स्टुलावर बसून राहायच्या. निरगुडसरला परत जाण्याची भाषा सुरू झाली. मला त्यांचा रागच यायचा, आणि त्यांच्यासाठी जीवही तुटायचा. एक चूक झाली म्हणून बाईनं सगळी विद्याच टाकून द्यावी, हे मला पटत नव्हतं.

मी फोटोंच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये हात घालायला सुरुवात केली. तिथं 'बाहेरचा एडिटर' असा एक रकाना होता, तो आम्ही कधी उघडून पाहिलाच नव्हता. त्यात आमचा स्वस्तातला एडिटर आपोआप दिसेना, मग तो कुठल्या फोल्डरमध्ये बसलाय ते बोट धरून दाखवावं लागलं. एकदाचा जोडला गेला. आता फोटोवर उजवं बटण दाबलं की 'एडिटरमध्ये उघडा' असं यायचं. सॉफ्टवेअर स्वतःच आधी एक नक्कल करायचं आणि ती नक्कल पाठवायचं. मूळ घरातच. पहिल्या वेळी मी सवयीनं 'सेव्ह अ‍ॅज' करून नवं नाव दिलं, तर फोटो परत आलाच नाही. ताई लांबून बघत होत्या. म्हणाल्या, "माहेराला गेली आन तिकडंच राहिली."

मग उमगलं. नवं नाव द्यायचं नाही, जागा बदलायची नाही, नुसतं 'सेव्ह' दाबायचं. नक्कल नटून बरोबर मूळ फोटोशेजारी येऊन बसते. मी आनंदानं ताईंना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला.

"त्याच बटणानं त्या म्हातारीचं तोंड खाल्लं. आन तू मला तेच दाबाया सांगती?"

"ताई, आता ते नकलेवर दाबलं जातं. मूळ शेजारी सुखरूप आहे."

"तू म्हणती म्हणून?"

त्या जागेवरून उठल्या. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या मालकांचा फोटो काढ."

तो फोटो मला ठाऊक होता. मालकांचा तेवढाच एक राहिला होता. कागदावरचा काचेला चिकटून गेला, त्याआधी ताईंनी स्कॅन केलेला. त्याच्या नावाच्या जागीही त्यांनी स्वतःच टाइप केलेलं होतं, 'मालक'. मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाचा घेऊ या." त्या म्हणाल्या, "दुसऱ्याचा एकदा घालवलाय. आता धक्का लागायचा तर माझ्याच माणसाला लागू दे." मी हळूच पेनड्राइव्ह लावला, आधी एक प्रत काढून ठेवावी म्हणून. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "तो पेनड्राइव्ह काढ. बाहेर प्रत ठेवून माझी खात्री कशी व्हायची?"

मी तो काढला. ताईंनी स्वतः माउस हातात घेतला. उजवं बटण दाबून एडिटर उघडला. अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिसा उसवलेला, केस कपाळावर आलेले, असे मालक स्क्रीनभर झाले. ताईंनी त्यांना कोट चढवला. हा कोट त्यांनी तालुक्यातल्या किती गेलेल्या माणसांना चढवला असेल कोण जाणे, पण मालकांना पहिल्यांदाच. टाय लावला. केस मागे सारले. खिसा कोटाखाली गेला. मग बाण 'सेव्ह'वर नेऊन त्या थांबल्या.

त्यांनी दाबलं.

एडिटर बंद झाला आणि सॉफ्टवेअरमध्ये दोन मालक शेजारीशेजारी उभे राहिले. एक कोटातले. एक उसवलेल्या खिशाचे, जसेच्या तसे. ताई आधी रडल्या आणि मग हसायला लागल्या. "कोटात परका दिसतो गं. कुठल्या तरी बँकेचा म्यानेजर." उसवलेल्या खिशावर त्यांनी स्क्रीनवरूनच बोट फिरवलं. "ह्यो शिवायचा राहिला माझ्याकडून. बरं झालं राहिला."

दुकान पुन्हा सुरू झालं. ताईंचं नवं वाक्य जन्माला आलं, ते त्या येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायच्या: "मूळ जागेवर राहू दे, मग काय नटवायचं ते नटव." सुनांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या सासवांनाही त्या हेच सांगायच्या.

पण सुलाबाईंचा खिळा त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. सॉफ्टवेअरला चेहरे ओळखता येतात हे आम्हाला माहीत होतं. ते एक चेहरा दाखवतं आणि विचारतं, ही तीच व्यक्ती का? ताईंनी ठकूबाईंचा तो गुळगुळीत केलेला फोटो त्याला दिला आणि दुपारच्या मोकळ्या वेळात 'नाही, नाही' करत बसल्या. "ह्याला पदर घेतलेली समदी म्हातारी माणसं एकच वाटत्यात," त्या वैतागायच्या. "ही आळ्याची चंद्राबाई, मेल्या. ही तर पुरुष हाय, फेटा दिसत न्हाई व्हय तुला?" सॉफ्टवेअरशी त्यांचं असं भांडण चाले आणि मी अल्बम करता करता ऐकत असे.

एका दुपारी भांडण एकदम थांबलं. मी मान वळवली. आळ्यातल्या एका लग्नातला हळदीचा फोटो होता. पुढं नवरी, आणि मागं अंधारात, बायकांच्या घोळक्यात, कुणाच्या तरी बोलण्यावर तोंड उघडं टाकून हसणारी एक म्हातारी. पदर खांद्यावर घसरलेला. हनुवटी वर आलेली.

"वैशाली," ताई हळूच म्हणाल्या, "टिपकं मोज."

तीन होते.

एडिटरमध्ये मी तेवढाच भाग कापला, मोठा केला. पुढं आलेले कुणाचे तरी बांगड्यांचे हात पुसले. सुरकुत्यांकडे माउस वळला तसा ताईंनी माझा हात धरला. "उजेड दे. बाकी तिला हात लावू नको."

सुलाबाईंना निरोप पाठवला. त्या आल्या, उभ्या उभ्याच फोटो हातात घेतला. मग त्यांनी बोट उचलून कागदावरच्या हनुवटीवर ठेवलं आणि तसंच ठेवून स्टुलावर बसल्या. "हीच. हसतीय बघा, मेली कशी," म्हणाल्या. आम्ही तिघीही डोळे पुसत होतो. जरा वेळानं सुलाबाईंनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "आता येवढं केलंच हाय तर गळ्यात एक बोरमाळ घाला की. तिची लई हौस व्हती."

मला वाटलं ताई भडकणार. ताई खो खो हसल्या. "घालते की! पण दोन फोटू न्यायचे. एक आईचा, एक तिच्या हौसेचा." सुलाबाईंनी दोन्ही नेले. दुसरा खिळा त्यांनी त्याच दिवशी ठोकला म्हणे.

यंदा ताईंनी दुकान माझ्या हाती दिलं. कॅमेरा हातात जड व्हायला लागला होता आणि निरगुडसरला धाकटी जाऊ एकटी पडली होती. निघायच्या दिवशी पिशव्या दाराशी ठेवून त्या स्वतःच स्टुलावर जाऊन बसल्या. "घे माझा एक."

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "घरी कोण वाट बघतंय? नाव घ्या." बोलल्यावर जीभ चावली.

"जाऊ बघतीय," ताई म्हणाल्या. "पण तिच्या नावानं माझा चेहरा काय खुलायचा न्हाई."

त्या खाली बघत राहिल्या. मग, इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसलेली प्रत्येक बाई बघायची तशा, चोरून वर बघत म्हणाल्या, "दगडू."

आणि स्वतःच्याच धिटाईवर इतक्या हसल्या की मी बटण दाबायचं विसरणारच होते.

फोटो कॉम्प्युटरवर आला. मी विचारलं, "पाठवू का एडिटरमध्ये? सुरकुत्या काढू?"

"पाठव की. कोट घाल, टाय घाल. मूळ जागेवर हाय, आता काय भ्या?" मग पिशवी उचलता उचलता म्हणाल्या, "आन ते मालक लिव्हलंय ना, ते काढ. नाव टाक त्यांचं. माझ्याबी फोटूखाली टाक. येकदा घेतलंय तर राहू दे."

तो फोटो मी अजून एडिटरमध्ये पाठवलेला नाही. नाव मात्र त्याच दिवशी टाकलं. आता दुकानात कधी सुनं वाटलं, तर मी 'दगडू' टाइप करते. तीन फोटो येतात. एक कोटातला, एक उसवलेल्या खिशाचा, आणि एक लाजून हसणाऱ्या इंदूताईंचा.