नंदूने किल्ला सोडला
नंदू गेला त्याला आता सव्वा महिना झाला. शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून घरी येत होतो. "भाऊजी, झालं," एवढंच म्हणाल्या. हायवेची पुढची एक्झिट घेऊन मी एका पेट्रोल पंपावर नुसता बसून राहिलो. बातमी अपेक्षित होती, तरी दमल्यासारखं झालं... अजूनही तसंच वाटतं.

टेक्ससमधल्या शुगर लँडला नंदू आणि मी एकाच तेल कंपनीत पाइपलाइनचे आराखडे तपासायचो. त्यात नंदूला सामुराईंचं वेड कुठून लागलं, देव जाणे. बरं, वेड तरी एखाद्या मोठ्या सेनापतीचं असावं! याचा जीव जडला एका लहानशा कुळाच्या सरदारावर. बाप लढाईत पडला म्हणून पोरवयात गादीवर आलेला, दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये दबलेला. एकाकडे धाकटा भाऊ ओलीस ठेवला, दुसऱ्याकडे मुलगी दिली, तरी शेवटी वेढा पडलाच. गॅरेजमध्ये टेबल टेनिसच्या टेबलावर नंदूने तो किल्ला उभारला होता. बोटभर उंचीची माणसं आणि प्रत्येकाच्या पाठीवर कुळाचं निशाण. गाडी बाहेर टेक्ससच्या उन्हात तापायची. "यांनी अर्धं घर सरदाराला आंदण दिलंय," असं वहिनी म्हणायच्या. आम्ही जेवायला गेलो की आधी लढाई बघावी लागे आणि जेवण गार होई. रसद संपली, घोडेही खाऊन झाले, इथवर आला की नंदूचा आवाज उतरायचा. तिकडे रीत होती म्हणे, सरदाराने आपला जीव द्यायचा आणि बदल्यात आतली सगळी माणसं सुखरूप बाहेर जायची. त्याच्या सरदाराने तेच केलं.

मग नंदूच्या किडन्या गेल्या. हृदय अधू, म्हणून ट्रान्सप्लांटही नाही. डायलिसिसचं मशीन घरीच आणलं. सुया टोचणं, नळ्या जोडणं, बीपी बघणं, सगळं वहिनी शिकल्या. कित्येक वर्षं त्यांनी ते एकटीने ओढलं. कुठे जाणं नाही, येणं नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी नंदूने मला गॅरेजमध्ये नेलं. "काल मशीनचा अलार्म वाजत होता रे. शैला शेजारीच खुर्चीत झोपली होती, तिला जागच आली नाही. मी तो बंद केला आणि तिच्याकडे बघत राहिलो..." मग म्हणाला, "डॉक्टरांना सांगितलंय, आता डायलिसिस स्टॉप करू या. वेढा मला पडलाय यार, उपासमार तिची चाललीये."

मी चिडलो. "तू पाइपलाइनवाला आहेस, सरदार नाहीस," म्हटलं. तो हसला. त्याचं ठरलं होतं. त्याने ते शांतपणे पार पाडलं, आणि जो भेटला तो म्हणाला, नंदूने बायकोची सुटका केली. खरं सांगायचं तर मीही तेच म्हणत होतो.

परवा रविवारी वहिनींकडे गेलो. मशीन परत गेलं होतं. वहिनी गॅरेजमध्ये होत्या. सुई लावण्याआधी हात पुसायच्या स्पिरिटच्या पट्ट्या खोकंभर उरल्यात, त्या घेऊन एकेक शिपाई पुसत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, आता थोडा आराम करा. त्याची तीच इच्छा होती."

त्यांनी हातातला शिपाई जागेवर ठेवला आणि नव्या पट्टीचं पाकीट फाडलं.

"भाऊजी, त्या किल्ल्यातल्या माणसांना कुणी विचारलं होतं का, बाहेर जायचंय का म्हणून?"