समोरच्या घराची चावी

मस्कतमध्ये अल खौदला राहायचो तेव्हा समोरच्या फ्लॅटमध्ये एक डॉक्टरीण आणि तिची आई राहायच्या. काळ्या समुद्राकाठच्या कुठल्याशा शहरातल्या. आई ऐंशीच्या घरातली, ताठ कण्याची. मी तिला आजी म्हणायचे. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण माझ्या आंबोळ्या तिच्याकडे जायच्या आणि तिचा चेरीचा मुरंबा माझ्याकडे यायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी निघायचं होतं. झाडांना पाणी घालाल का, असं खुणेनं विचारत मी आजीपुढे घराची चावी धरली. मस्कतच्या उन्हात दोन दिवस पाणी चुकलं की तुळस, कढीपत्ता, सगळं खलास. आजीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि दार लावून घेतलं. मी भडकलेच. म्हटलं, आंबोळ्या बऱ्या चालतात बाईला, आणि चार झाडांना पाणी घालायचं तर एवढं जड झालं! नवऱ्याने परोपरीने समजावलं, पण माझा पारा उतरेना.

संध्याकाळी दोघी आमच्याकडे आल्या. आजी बोलायची आणि लेक इंग्रजीतून सांगायची. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या वस्तीतल्या ज्यूंना सैनिकांनी रांगेने शहराबाहेर नेलं आणि गोळ्या घातल्या. बायका, पोरं, कुण्णाला सोडलं नाही. गल्लीतली निम्मी घरं ओस पडली. मग एक दिवस आजीचे वडील एक चावी घेऊन आले आणि ही मंडळी समोरच्या घरात राहायला गेली. टेबलावर बश्या मांडलेल्या होत्या. आजी तेव्हा एवढीशी. जिच्याबरोबर ती खेळायची, त्या मुलीच्याच पलंगावर ती झोपू लागली.

इथे लेक सांगायचं सोडून आईकडे वळली. तिचा जन्म त्याच घरातला, आणि हे तीही पहिल्यांदाच ऐकत होती. आजीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला पुढचं सांगायला लावलं. त्या दिवसापासून आजीने दुसऱ्याच्या घराची चावी कधी हातात घेतली नव्हती.

आपल्याच बापाची गोष्ट, तीही पोटच्या पोरीच्या तोंडून परक्यांना सांगायची, याला केवढी छाती लागते! माझा राग कुठच्या कुठे पळाला.

मला आमचे शनिवार तेली आठवले. आमच्या अलिबागकडे ज्यूंना असं म्हणतात. पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे असायचे आणि शनिवारी ते बंद. आमचे शेजारी इस्रायलला गेले, तेव्हा घराची चावी माझ्या वडिलांकडे ठेवून गेले. ती आमच्या देवघरातल्या खिळ्याला असते. वडील त्यांचं घर झाडून घेतात, कौलं बघतात. मी हे सगळं आजीला सांगितलं.

आजीने लेकीकडून एकच विचारून घेतलं. "ते परत येतात?"

"येतात तर. दोन-तीन वर्षांनी येतात, राहतात. आम्ही निघताना 'जाते' म्हणतच नाही, आजी. 'येते' म्हणतो."

लेकीने अर्थ सांगितला. आजी तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत राहिली. मग तिने हात पुढे केला.

गावाहून परतलो ते भर दुपारी. बॅगा जिन्यातच टाकून मी समोरची बेल वाजवली. चावी आजीने दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. ती काढून तिने माझ्या तळहातावर ठेवली.

"येते," ती म्हणाली. तेवढा एकच मराठी शब्द तिला येत होता.

"आले, आजी," मी म्हटलं.