चेहऱ्याची चार घरं

१९७३ सालच्या डिसेंबरातला एक रविवार. ठरलेली रक्कम तीनशे रुपये, पैकी शंभर आगाऊ. दापोडीला माझ्या घरी हजर तिघे: मी, माझा शेजारी पेंटर, आणि चाकणजवळचा एक शेतकरी. कांद्याच्या पैशातून तो रस्त्यालगत हॉटेल उघडत होता. त्याचा ट्रक आमच्या कंपनीत माल आणायचा, तेवढी ओळख. पेंटरचं नाव मी सुचवलं होतं, म्हणून बैठक माझ्याकडे.

हॉटेलवाल्यानं गुंडाळी सोडली. परदेशी कॅलेंडरचं पान, अठरा इंच बाय बारा. ढगांवर रेललेली एक गोरी, भरल्या अंगाची बाई, गुलाबी-निळं रेशीम, दोन कबुतरं आणि पंख असलेली गुबगुबीत पोरं. मी मोजली, सात. हेच चित्र त्याला फॅमिली रूमच्या भिंतीवर सहा फूट बाय चार फूट हवं होतं, हातानं रंगवलेलं.

"आन् कापड जरा वर घ्या," तो म्हणाला. "फॅमिली रूम हाय, राव."

हॉटेलात चित्रांच्या भिंती चार होत्या. पहिलं चित्र पसंत पडलं तर उरलेल्या तिन्ही पेंटरच्या. तो आमच्याच कंपनीत ठेकेदाराकडे रंगारी होता. मशीनवर नंबर टाकायचा, भिंतीवर धूम्रपान मनाई लिहायचा. चारही भिंती मिळाल्या तर ठेकेदार सोडून स्वतःचं दुकान टाकायचं, असं तो घरी सांगूनही बसला होता. हात चांगला होता. आमच्या आळीत जवळजवळ घरोघरी त्यानं रंगवलेला बुद्ध होता, माझ्याही घरी.

ही बाई कोण, हे मला कळेना. पान एक दिवस कंपनीत नेऊन ड्रॉइंग ऑफिसमधल्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, फ्रान्समधल्या दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्राची ही छपाई. बाई म्हणजे तिकडच्या जुन्या पुराणातली प्रेमाची देवी, आणि बाण घेतलेलं पोर तिचा मुलगा. बाकीची सहा कोणाची, ते त्यांना सांगता आलं नाही. मला अजूनही माहीत नाही.

पेंटरनं लाकडी चौकटीवर मांजरपाटाचं कापड ताणलं, त्याला सरस आणि सफेदा लावला. मग पानावर एकेक इंचाची घरं आखली आणि कापडावर चार-चार इंचांची. दोन्हीकडे दोनशे सोळा. इथल्या घरात जे आहे ते तिथल्या त्याच घरात उतरवायचं. मला ही रीत फार आवडली. शिफ्ट सुटली की त्याच्याकडे जाऊन बसायचो. कबुतराच्या चोचीला पट्टी लावून पाहिली, पाव इंचाचाही फरक नव्हता. बाईच्या अंगावरचं रेशीम तेवढं सांगितल्याप्रमाणे एक घर वर गेलं होतं.

जानेवारीत हॉटेलवाला आईला घेऊन चित्र पाहायला आला.

"ही झोपली का वो?" त्यानं विचारलं. "गिऱ्हाईक जेवणार आन् ही डुलक्या घेणार व्हय?"

पानातली बाई डोळे उघडे ठेवून मुलाकडे तिरपं बघत होती. आमच्या बाईच्या पापण्या खाली होत्या आणि चेहरा शांत. तो चेहरा माझ्या घरच्या भिंतीवरचा, हे मी ओळखलं. म्हातारी चित्रासमोर बसून होती. पंधरा दिवसांत डोळे उघडा, नाहीतर आगाऊ परत द्या, असं सांगून हॉटेलवाला गेला.

पेंटरनं चेहरा खरवडून पुन्हा काढला. पापण्या पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही तेच.

"हात आपोआप तिथंच जातो, भाऊ," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

मी पट्टी घेऊन कॅलेंडरच्या पानावरच्या रेघा तपासल्या. पूर्ण आखलेली घरं दोनशे बाराच भरली. देवीचा चेहरा चार घरांच्या मधोमध येत होता, आणि तेवढ्या जागेत पेंटरनं रेघच ओढली नव्हती. कापडावरही तसंच. सगळं अंग मोजून काढलं होतं, चेहरा तेवढा नुसत्या हाताच्या सवयीवर.

"इथं रेघा का नाहीत?"

"बरोबर नाकावर फुली येते," तो म्हणाला. "माणसाच्या तोंडावर फुली मारू? तुम्ही इन्स्पेक्शनवाले रिजेक्ट मालावर मारता तशी?"

"अरे, नंतर पुसता येते."

"मारली तर खरी ना?"

खरंच, दिवसभर मी खडूनं फुल्याच मारत होतो. घरी येऊन विचार केला आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं दोऱ्याचं नवं रीळ घेऊन गेलो. चौकटीवर खिळे मारून कापडासमोर दोन दोरे ताणले, पान पाटावर लावून त्यावर दोन. दोरा चेहऱ्याला चिकटत नाही, अर्धा इंच वर राहतो. पेंटरनं दोन्हीकडून वाकून पाहिलं. "हे चालेल," म्हणाला. त्या संध्याकाळी डोळे उघडले आणि तिरपे मुलाकडे वळले. मग त्यानं दोरे सोडले. मला वाटलं होतं कापून टाकेल, पण गुंडाळून ठेवले.

हॉटेलवाला खूश झाला. "आता कशी बघती!"

त्याची आई मात्र म्हणाली, "आधीची कुठं गेली?"

"कोण आधीची, आये?"

"डोळं मिटलेली. तुला काय कळतं? मिटल्या डोळ्याची बाई दुसऱ्याच्या ताटात बघत न्हाई. गल्ल्यामागं मला ती पायजे. ह्या दोघी बास, आनखी नकोत."

त्यामुळे पेंटरला तीन नाही, एकच भिंत आणखी मिळाली. उरलेल्या दोन भिंतींवर आरसे लागले. दुकान त्या साली झालं नाही, दोन वर्षांनी झालं. गल्ल्यामागची बाई त्यानं एकही रेघ न आखता आठवड्यात काढली.

हॉटेलवाल्यानं पेंटरला राहिलेले दोनशे दिले, माझ्यासमोर. दुसऱ्या चित्राचे ऐंशी म्हातारीनं कमरेच्या पिशवीतून काढून पेंटरच्याच हातावर ठेवले. रिळाचे साठ पैसे मी बायकोला दिले.