मागच्या बाकावरच्या काऊन मॅडम

"इंग्रजी त फाडफाड बोलून राह्यली पोरगी, पन पोरं कुठी हायेत तिच्यासंग?"

शाळेच्या व्हरांड्यात आमच्या कॉलेजच्या मॅडम हेडमास्तरांना सांगत होत्या. मी दाराआड उभी होते. पोरगी म्हणजे मी, हे कळायला वेळ लागला नाही; बी.एड.च्या आमच्या तुकडीत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी एकटीच. इंग्रजीचे सराव पाठ घ्यायला आम्ही आदिलाबादहून बसने बेला रस्त्यावरच्या त्या सरकारी शाळेत जायचो आणि मॅडम आमचे पाठ तपासायला यायच्या. त्या माझ्यावर नजर ठेवून आहेत असं वाटलं, म्हणून मीही त्यांच्यावर ठेवली.

त्यांना 'काऊन मॅडम' हे नाव आधीच्या कुठल्या तरी तुकडीने दिलेलं. पाठ कसाही होवो, त्या एकच प्रश्न विचारायच्या: काऊन, म्हणजे का? माझ्या मैत्रिणीने, सुजाताने, एकदा रंगीत तक्ता लावला होता.

"काऊन लावला?"

"मॅडम, प्लॅनमध्ये आहे."

"थे त दिसलं मले. काऊन लावला?"

सुजाता रडकुंडीला आली. तक्ता सुरेख होता, पण कशासाठी होता हे तिलाही सांगता येईना.

मॅडम शेवटच्या बाकावर, पोरांच्या मध्ये दाटीवाटीने बसायच्या. डोळे अर्धवट मिटलेले. मधूनच शेजारच्या पोराच्या कानाशी लागायच्या आणि ते पोरगं तोंडावर हात धरून हसायचं. मलाच हसतात, याबद्दल मला शंका नव्हती. इतरांशी त्या मधूनमधून जाडजूड उच्चारांच्या इंग्रजीतही बोलत, माझ्याशी मात्र फक्त मराठीत. तो मला टोमणा वाटे. घरी, दुकानात बाबांशी मी मराठीच बोलते. पण वर्गात पाय ठेवला की मराठी शब्द ओठांवर येत नसे. माझ्या शाळेत मराठी बोलायला शिक्षा असायची.

यंदा सगळंच बदललं. शेवटचा पाठ मोबाईलवर चित्रित करून विद्यापीठाला पाठवायचा आणि गुण तिकडूनच येणार. बघणार कोण, माणूस की यंत्र, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच सांगितलं होतं की वर्गात भरपूर हात वर दिसले पाहिजेत आणि इंग्रजीशिवाय एक शब्द नको. नाही तर पाठ नापास, म्हणजे वर्ष वाया. मॅडमकडे उरली फक्त हजेरी.

"मोबाईल पुढूनच पाह्यते," त्या म्हणाल्या. "मांगच्या पोराचं त्याले काय दिसन?"

अधिकार गेला म्हणून बोलतात, असं मी मनात म्हटलं.

सुजाताच्या पाठात एकजात सगळे हात वर आले. मला ते खटकलं. हात उचलण्याआधी काही पोरं स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"अगं, उत्तर येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा," सुजाता बसमध्ये हसत म्हणाली. "विचारायचं कोणाला ते आपल्याला कळतं, मोबाईलला कळत नाही. पोरांनीच सांगितलं मला."

पोरांना कोणी सांगितलं असेल? त्यांच्या कानाशी कोण लागतं, हे मी रोज पाहत होते.

दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर मॅडमनी मलाच गाठलं. "थे हाताचं तू शिकवलं काय वं पोराईले?"

"नाही मॅडम."

"मले वाटलं, तूच असशीन. हुशार हायेस, अन् बोलत नाहीस."

माझा संशय तर त्यांच्यावरच होता. खरं काय ते नंतर सहावीतल्या एका मुलीने सहज सांगितलं: "साहेब लोक येतेत तवा आमी असंच करतो मॅडम. तिसरीपासून." मॅडम आणि मी एकमेकींवर पाळत ठेवून होतो आणि पोरं शांतपणे दोघींकडे बघत होती.

माझा पाठ मॅडमच्या निवृत्तीच्या आठवड्यात आला. त्यांच्या जागी कोणी येणार नव्हतं. त्या दिवशी त्यांना यायचीही गरज नव्हती. तरी त्या आल्या आणि मागच्या बाकावर पोरांना सरकवून बसल्या. काऊन, हा प्रश्न मला पहिल्यांदा त्यांच्याबद्दल पडला. मी चुकावं म्हणून? की मोबाईलखेरीज कोणी तरी बघावं म्हणून?

टेबलावर मोबाईल सुरू होता. धडा चुकीच्या थांब्यावर उतरलेल्या एका मुलाचा होता. तो दिवसभर भटकतो, पण वाट विचारत नाही. मी सफाईदार इंग्रजीत प्रश्न टाकला: त्याने कोणालाच का विचारलं नाही?

सगळे हात वर. पुढचे चार-पाच उजवे. बाकी वर्गभर डावे. मोबाईलला हे छान दिसत असणार. उजव्यांपैकी एकाला उठवलं असतं तर पाठ पार पडला असता.

तेवढ्यात मागच्या बाकावर आणखी एक डावा हात वर आला. हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत बाह्यांचा लोकरी स्वेटर. मॅडमचे डोळे आज पूर्ण उघडे होते. चेहऱ्यावर हसू नव्हतं. ही थट्टा होती की परीक्षा, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मी मोबाईलकडे पाहिलं, तो सुरूच होता. मग खडू खाली ठेवला आणि घरच्या आवाजात म्हणाले, "डाव्या हातवाल्यांनो, तुम्ही सांगा. काऊन नाही समजलं?"