पोळ्याच्या दिवशीची भरती

अन्याय झाला तो डोणगावाजवळच्या आमच्या वाडीतल्या तुळशीरामवर. कधी झाला तेही सांगतो, कारण वेळ मोघम ठेवली की करणाराही मोघम राहतो आणि सुटतो. महाराष्ट्र राज्य झालं त्यानंतरच्या दुसऱ्या पोळ्याला, सकाळी दहा वाजता, नांदुऱ्याला स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत. त्या वेळी तिथं नव्या वीजघरासाठी पोरं निवडली जात होती आणि तुळशीराम तिथं नव्हता. तो घरी बैलाची शिंगं रंगवत होता.

दुसऱ्या दिवशी, करीला, मी नांदुऱ्याच्या फलाटावर पत्र्याची ट्रंक घेऊन उभा होतो. निवडलेल्या पोरांना परस्पर गाडीत बसवून घाटावर, वीजघराच्या कामावर न्यायचं ठरलं होतं. धान्याची पोती भिजू नयेत म्हणून हमाल ताडपत्र्या ओढत होते. तेवढ्यात मोटारस्टँडच्या बाजूनं तुळशीराम झपाझप येताना दिसला. अंगात लग्नातला सदरा, भांग पाडलेला, नखांत अजून हळद.

"कुठी घेऊन राह्यले बे मुलाखती?" त्यानं विचारलं.

"झाल्या. काल."

"काल तं पोळा होता."

"पोळ्यालेच झाल्या."

तो हसला. "तुले गंमतच सुचते लेका, कवाबी." मग त्याची नजर माझ्या ट्रंकेवर गेली, फलाटावर रांगेत उभ्या केलेल्या पोरांवर गेली, आणि तो हसायचा थांबला. मग त्यानं खांद्यावरचं फडकं सोडून त्यातल्या पुरणपोळ्या माझ्या हातात दिल्या. "घे. माह्या मायनं दोन दिवसाच्या देल्ल्या होत्या. मले आता गावालेच तं जायचं हाय." गाडी लागली तेव्हा माझी ट्रंक त्यानंच वर चढवली. खिडकीशी येऊन म्हणाला, "तुह्या बाच्या मोटीचं पाहतो मी. बैल जुपून देत जाईन. तू जाय निवांत."

गाव सोडताना माझ्या डोळ्यांपुढं जे राहिलं ते हे. देऊळ नाही, नदी नाही. हळद लागलेली नखं.

मुलाखतीचा कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेला होता आणि तो आम्ही दोघांनीच वाचला होता. सातवी पास, अंगानं धडधाकट. तारीख पोळ्याची. तुळशीरामच्या वडलांना, गोविंदाबापूंना, आम्ही ते सांगितलं तेव्हा ते आमच्यावरच बिघडले. "पोळ्याले कोणती कचेरी उघडी राह्यते बे? साहेबाच्या घरी बैल नसन, पण साहेबाच्या बापाच्या घरी तं असन. लिहिनाऱ्याची चूक हाय. दुसऱ्या दिवशी जाजो." अख्ख्या पंचक्रोशीनं हाच हिशेब केला. डोणगावची पोरं गेली नाहीत, सुलतानपूरचीही गेली नाहीत. कोणी आळशी नव्हतं, कोणी घाबरलेलं नव्हतं. पोळ्याला कोणी माणसाला कामासाठी बोलावू शकतं, ही गोष्टच कोणाच्या डोक्यात शिरत नव्हती.

ज्यांच्याकडे बैल नाहीत त्यांना हे हसू येईल, म्हणून सांगतो. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तूप लावून पळसाच्या पानानं शेकतात आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. ज्यानं आवतण दिलं त्यानंच दुसऱ्या दिवशी बैल तोरणाखाली न्यायचा, घरी आणायचा, त्याचे पाय धुवायचे आणि स्वतःच्या हातानं पोळी चारायची. गोविंदाबापूंचा नियम तर याहून कडक. ज्या हातानं वर्षभर कासरा ओढला त्याच हातानं पोळी चारावी लागते, दुसऱ्याचा हात चालत नाही. नांदुरा आमच्यापासून दोन मोटारी बदलून. तिथं सकाळी दहाला पोचायचं म्हणजे आदल्या दुपारी निघायचं, म्हणजे बैलाला जेवायला बोलवायलाही घरात राहायचं नाही.

मी कसा गेलो? आमचा भाजीचा मळा, घरात एकच बैल, आणि तुळशीरामच्या घराशी आमची सावड. म्हणजे त्यांच्या रानाला आमची माणसं, आमच्या मोटेला त्यांची जोडी. आमचा बैल त्या उन्हाळ्यात मेला. पोळा आला तेव्हा दारात रंगवायला काही नव्हतं. माझी माय चुलीपाशी बसून म्हणाली, "दाराशी बैल नाही, मंग राहून काय करतं? जाय बापा." ज्याचं दार रिकामं होतं त्याला नोकरी मिळाली, ज्याच्या दारात बैल होता त्याची गेली. ही कसली निवड?

धर्मशाळेतल्या कारकुनाला मी विचारलं होतं, आमच्याकडची पोरं आज यायची नाहीत, एक दिवस थांबता का. तो कागदावरून मान वर न करता म्हणाला, "साहेबांची परतीची गाडी ठरलेली आहे. आणि पोळा सुट्ट्यांच्या यादीत नाही." पुढं कळलं की दिवस अमावास्येचा म्हणून मुद्दाम धरला होता. अमावास्येला नवं यंत्र बसवत नाहीत, नवा खांब उभा करत नाहीत, मोठ्या साहेबांना तो दिवस मोकळा असतो. मोकळ्या दिवशी मुलाखती उरकायच्या. आणि पोळा हा अमावास्येलाच येतो. विजेचं काम करणारे अमावास्या पाळत होते, म्हणून बैल पाळणारे राहून गेले.

मी घाटावर पोचलो आणि पहिले काही दिवस माझा राग कुठं गेला ते मला सापडेना. एवढं मोठं मी काही पाहिलंच नव्हतं. डोंगराच्या पोटात बोगद्यातून चालत गेलो तर आत आमच्या वाडीसारख्या कितीतरी वाड्या मावतील असं दालन. वर छत खडकाचं, खाली फरशी आरशासारखी. त्यात टर्बाइन बसवत होते. ते पहिल्यांदा फिरलं त्या दिवशी आम्हा नव्या पोरांना कठड्याशी उभं केलं होतं. पाणी कुठंच दिसत नव्हतं. मधला दांडा इतका वेगानं फिरत होता की उभाच आहे असं वाटावं, फक्त तळपायाला समजत होतं की डोंगर हलतोय. माझ्या शेजारी मलबारचा एक वेल्डर उभा होता, हिंदी धड त्यालाही येत नव्हती आणि मलाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मीही काढली. आमच्या विहिरीवर दोन बैल उतारानं धावायचे तेव्हा एक मोट वर यायची. इथं अख्खी नदी येत होती, आणि तिला ओढायला कोणी नव्हतं.

आणि माणसं. गेटाजवळ एक फळा होता, त्यावर कोण पाहिजे ते खडूनं लिहायचे. सुरुवातीला सगळा फळा मजुरांचा आणि सुरुंगवाल्यांचा. मग क्रेनवाले आणि सुतार. मग वेल्डर, फिटर, वायरमन. मी शिफ्टवर जाताना रोज तो वाचायचो, देवाच्या पाया पडावं तसा. कोण कुठला माणूस त्या खडूच्या एका ओळीसाठी कुठून कुठून आला होता, कॅन्टीनमध्ये एका बाकावर चार भाषा जेवायच्या. धरण उभं राहिलं तशी ती मागणी एक एक करून पुसली गेली. सुरुंगवाले गेले, क्रेनवाले गेले, अर्ध्या कॉलनीला कुलपं लागली. युनियनचं पत्रक लिहायला मी तेव्हाच शिकलो, त्या कुलपांवर. पण एक गोष्ट मला पत्रकात मांडता आली नाही. मागणी संपली नव्हती. ती तारांबरोबर निघाली होती. मनोरे एकेक घाट ओलांडत पठारावर उतरले आणि फळ्यावर आता नवी ओळ दिसायला लागली: लाइनवर माणसं पाहिजेत, जिल्ह्याजिल्ह्यात. पाणी डोंगरात पडत होतं आणि काम आमच्या काळ्या रानात उगवत होतं.

आमच्या मळ्यात मोटर बसली तेव्हा मी रजेवर होतो. खांब तुळशीरामच्याच बैलांनी ओढून आणले होते, कारण पावसाळी चिखलात ट्रक फसले. मोटर सुरू झाली, नळातून पांढरंशुभ्र पाणी धाडकन पाटात पडलं. मोटेचे बैल सवयीनं विहिरीच्या उतारावर, धावेवर येऊन उभे होते आणि पाण्याकडे पाहत होते. बा नळाखाली हात धरून बसला. कितीतरी वेळ काढला नाही. मग मला म्हणाला, "हे पाणी तूनंच पाठोलं काय रे?"

मी काय सांगणार? मी हो म्हणालो. वीजघरातला माणूस म्हणून मला त्यापेक्षा मोठी शाबासकी आजवर कोणी दिलेली नाही.

पण त्याच दिवशी खांबावर चढून तार जोडली ती कोणी? बाहेरून आलेल्या पोरांनी. ती पोरं चांगली होती, आमच्या मायनं त्यांना जेवू घातलं. त्यांच्याशी माझं भांडण नाही. मोट बंद झाली, म्हणजे मोटेवरचा माणूस रिकामा झाला. विजेनं ज्याच्या हातचं काम घेतलं, विजेचं काम आधी त्याच्या हाताला मिळायला नको का? तुळशीरामनं खड्डे खणले, खांब ओढले, ते सगळं ठेकेदाराच्या रोजंदारीवर. मी रागानं बोलत होतो, तो कासरा गुंडाळत होता. म्हणाला, "तू कायले तापून राह्यला? तुह्या बाची मोट हाकतच होतो न मी. आता बंद झाली, तं चांगलंच झालं." एवढी वर्षं तो फलाटावर दिलेला शब्द पाळत आला होता.

आता यंदाची गोष्ट. जिल्ह्यात लाइनवर कायम माणसं घ्यायची आहेत. मदतनीस म्हणून घेणार, शिकवणार, खांबावर चढवणार. तुळशीरामच्या वयाला ही शेवटची भरती, पुढच्या वर्षी तो मर्यादेबाहेर. जागा पुन्हा नांदुरा. तारीख पुन्हा अमावास्या, पुन्हा पोळा.

मी पत्रक काढलं, गेटावर वाटलं, वर अर्ज दिला. उत्तर तेच, यादीत नाही. मग मी दुसरी वाट धरली. गावाकडे जाणाऱ्या आमच्यातल्या एका पोराबरोबर गोविंदाबापूंना निरोप धाडला: यंदा तुमच्या खैऱ्या बैलाला आणि त्याच्या जोडीदाराला आवतण मी देतो, तोरणाखाली मी नेतो, पोळी मी चारतो. त्या जोडीनं माझ्या बाचा मळा भिजवला, सावडीत तो कासरा माझ्याही हातात होता. तुळशीरामला नांदुऱ्याला जाऊ द्या.

बापू आता थकले आहेत, डोळ्यांना कमी दिसतं. ऐकून ते गोठ्यात जाऊन बसले, असं निरोप्यानं सांगितलं. घरात सगळ्यांना वाटलं, रागावले. बाहेर आले ते खैऱ्याच्या पाठीवर हात ठेवून. म्हणाले, "हा बैल गोऱ्हा होता तवा ह्याच्या शेपटीले लोंबकळे तो. बैल वळखते त्याचा हात. येऊ द्या." आणि वर हेही की, "साहेबाले सांगा म्हना, पुढच्या साली तूबी येजो जेवाले."

मी रजेचा अर्ज टाकला. आमचा सुपरवायझर पुण्याचा, मनानं बरा माणूस. कारण वाचून म्हणाला, "अरे, बैलाला जेवू घालायला रजा?" मी म्हणालो, हो, तेच लिहिलंय. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि सही केली.

घर म्हणजे काय, हे मला एवढी वर्षं कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहून सांगता येत नव्हतं. आता येतं. तिथं एक दावं आहे, पोळ्याला ते कोणीतरी धरावंच लागतं, आणि मी नसताना ते दुसऱ्या कोणीतरी धरलं म्हणून मी इथं टर्बाइनपाशी उभा आहे. तुम्हीही असेच उभे आहात. पारसच्या वीजघरापासून घाटावरच्या वीजघरापर्यंत, लाइनवर, शहरात, जिथं कुठं आमच्या बुलढाण्याकडची माणसं हे वाचत असतील त्यांना सांगतो: तुमच्या मागं एक तुळशीराम आहे आणि त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे. तारीख बदलावी म्हणून अर्ज कराच, मीही करतो आहे, साहेब ऐकतील तेव्हा ऐकतील. पण यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात उतरा, त्याच्या हातातून कासरा घ्या, आणि त्याला नांदुऱ्याच्या मोटारीत बसवून द्या.